नगारे वाजले की नाही? अभिजात चिनीतले युद्धाचे शब्द शिकताना

जुना चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस याच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला एका पळपुट्या सैन्याचं वर्णन येतं. ते वाक्य पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मला आजची चिनी बऱ्यापैकी येत होती, म्हणून बिनधास्त भाषांतर ठोकलं: 'चिलखतं टाकून, सैनिकांना ओढत ते चालत गेले.' शिकवणाऱ्या बाईंनी वही परत देताना एवढंच विचारलं, "घाई नव्हती वाटतं त्यांना?"

खरं वाक्य असं आहे: 'चिलखतं फेकून, हत्यारं फरफटत ते पळत सुटले.' ज्या शब्दाला आज सैनिक म्हणतात त्याचा तेव्हाचा अर्थ हत्यार, आणि आज ज्याचा अर्थ चालणं किंवा निघणं, तो तेव्हा पळणं. सहा चिन्हांच्या तुकड्यात दोन खड्डे, आणि मी दोन्हींत पडलो. तेव्हापासून युद्धाचे शब्द मी वेगळ्या वहीत लिहायला लागलो. त्या वहीच्या आधारानेच हा लेख लिहितो आहे.

थोडीफार चिनी येणाऱ्यांना याचा लगेच उपयोग होईल. अजिबात येत नसेल तरी चालेल, फक्त वेग निम्मा धरा.

आधी उच्चार आणि वही

इथे चिन्हं छापलेली नाहीत, मी उच्चार देतो आणि चिन्हाचं अंग कसं आहे ते सांगतो. प्रत्येक चिन्ह शब्दकोशात तुम्ही शोधायचं आणि हाताने वहीत काढायचं. शोधताना जी खटपट होते, तीच पहिली उजळणी. उच्चारापुढचा आकडा म्हणजे सूर: १ सपाट उंच, २ चढता, ३ खाली दबलेला, ४ उतरता.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. शब्दकोशातल्या रोमन लिपीत जिथे 'बी' दिसतं तिथे उच्चार आपल्या 'प'चा असतो आणि 'पी' दिसतं तिथे फणसातल्या 'फ'चा. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'झेड' म्हणजे चमच्यातला च आणि 'जे' म्हणजे चहातला च. हे दोन च आपल्याकडे जन्मापासून आहेत. मी खाली याच हिशेबाने लिहिलं आहे. 'फ'खाली टिंब दिसलं तर तो 'फॅन'मधला समजा. पुस्तकांची आणि माणसांची नावं मात्र ओळखीची वाटतील अशी ठेवली आहेत.

चिन्हं पारंपरिक रूपातलीच शिका. सोप्या रूपांत वेगवेगळे शब्द एकाच चिन्हात कोंबले गेले आहेत. 'झुंजणे' (तोउ-४) या शब्दाच्या जुन्या रूपात दोन माणसं एकमेकांना भिडलेली दिसतात. सोप्या रूपात त्याच जागी धान्य मोजायच्या मापाचं चिन्ह येतं, आणि झुंज गायब होते.

पायरी १: एक हत्यार ओळखा

यादी पाठ करायला बसू नका. आधी एकच चिन्ह घ्या: कऽ-१. लांब दांड्याच्या टोकाला काटकोनात बसवलेलं काशाचं पातं. भाल्यासारखं भोसकायचं नाही, विळ्यासारखं अडकवून ओढायचं किंवा वरून हाणायचं. चिन्ह चार फटकाऱ्यांचं: एक आडवा, त्याला छेदून उजवीकडे खाली जाणारा लांब आकडा, त्यावर एक तिरका फटकारा आणि वर उजव्या कोपऱ्यात ठिपका. १७१६ साली पूर्ण झालेल्या खांगशी शब्दकोशात चिन्हांचे २१४ गट आहेत, त्यात हा बासष्टावा.

हे एकदा डोळ्यांत बसलं की अर्धी रणभूमी ओळखीची होते. माणूस डावीकडे उभा आणि शेजारी हे हत्यार: फ़ा-२, चढाई करणे. हाडांवर कोरलेल्या सर्वांत जुन्या लेखांत या हत्याराचं पातं माणसाच्या मानेवरून आरपार गेलेलं दिसतं आणि शब्द नरबळीसाठीही येतो. तेच हत्यार दोन हातांत धरलेलं: च्ये-४, सावध राहणे, पहारा. हत्यार आणि चिलखत एकत्र: रोंग-२, युद्धसामग्री, आणि पुढे सरहद्दीपलीकडचे लढवय्ये लोक. हत्याराखाली माणूस: षू-४, सरहद्दीवर तैनात असणे. याला इंग्रजी शब्दकोशात ओळभर अर्थ दिलेला असतो. आपल्या बखरींतला 'शिबंदी' हा एक शब्द लिहा, काम झालं.

इथे एक सापळा आहे. षू-४ सारखी हुबेहूब दिसणारी आणखी दोन चिन्हं आहेत आणि ती कालगणनेत वापरली जातात. आत आडवी रेघ असेल तर श्यू-१, ठिपका असेल तर आपली शिबंदी आणि आत रिकामं असेल तर वू-४. चिनी मुलं हे तालावर पाठ करतात, तुम्हीही करा.

आता या कुटुंबातला सर्वांत गाजलेला शब्द: वू-३, शौर्य, लष्करी बळ. इ.स.पू. ५९७ मध्ये पीच्या लढाईत छू राज्याने चिन राज्याचा पराभव केला. छूचा राजा ज्वांग याला एका सरदाराने सुचवलं की शत्रूची प्रेतं रचून विजयाचं स्मारक उभारावं. राजाने नकार दिला आणि कारण अक्षराचं दिलं: 'थांबणे' आणि 'कऽ' मिळून वू होतं. हत्यार थांबवणं म्हणजे शौर्य. गोष्ट इतकी सुंदर आहे की हजारो वर्षं लोक तीच व्युत्पत्ती सांगत आले. पण ज्या भागाचा अर्थ नंतर 'थांबणे' झाला तो मुळात पावलाचं चित्र होता. म्हणजे हत्यार घेऊन निघालेला माणूस, बरोबर उलटा अर्थ! वहीत दोन्ही लिहा. पहिली व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकत नाही, पण ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तीच होती.

पायरी २: ओळखीच्या शब्दांवर विश्वास ठेवू नका

नवखे शब्द त्रास देत नाहीत, ते शब्दकोशात पाहिलेच जातात. फसवतात ते ओळखीचे. वहीची चार पानं यांच्यासाठी राखून ठेवा.

पिंग-१: दोन हातांनी उचललेली कुऱ्हाड. आधी हत्यार, मग हत्यारबंद माणूस, मग युद्ध. सुन त्झूचं युद्धकलेवरचं पुस्तक याच शब्दाने सुरू होतं आणि तिथे अर्थ 'युद्ध' आहे: युद्ध ही राज्याची मोठी बाब, जगण्यामरण्याची जागा. इ.स. ३८३ च्या फेई नदीच्या लढाईवरून आलेल्या वाक्प्रचारात पराभवाने धास्तावलेल्याला गवत आणि झाडं सगळी पिंग-१ दिसतात, तिथे अर्थ सैनिक. तीन अर्थांपैकी कोणता, हे शेजारचं क्रियापद सांगतं. फरफटवता येतं ते हत्यार.

चोउ-३: पळणे. शांतपणे चालण्याला शिंग-२ हा वेगळा शब्द आहे.

पेइ-३: आज उत्तर दिशा. चिन्हात दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. लढाईच्या वर्णनात आला की 'पाठ दाखवणे'. आपल्याकडे वाक्प्रचार तयारच आहे, त्यामुळे हा शब्द मराठी विद्यार्थ्याला परत कधी विसरायला होत नाही.

चू-२ (चमच्यातला च): प्यादा. शिवाय 'शेवटी'. शिवाय वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं मरण. एकाच पानावर तिन्ही अर्थ भेटतात.

चाइ-४: आज 'पुन्हा', तेव्हा 'दुसऱ्यांदा'. युद्धाचा शब्द नाही, पण याच्यामुळे लढाईचा सगळा हिशेब चुकतो. कसा, ते पुढे येईल.

पायरी ३: हल्ल्याची क्रियापदं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला आणि तुम्हीही घालवा. त्सो-च्वान हा ग्रंथ वसंत-शरद बखरीवरचं भाष्य मानला जातो. मूळ बखर इ.स.पू. ७२२ ते ४८१ या काळाची, अतिशय त्रोटक: अमक्या साली अमक्याने तमक्यावर स्वारी केली, एवढंच. भाष्यकार म्हणतात की निवाडा त्या क्रियापदातच आहे. त्सो-च्वानमध्ये याचा नियमच दिला आहे: सैन्य घंटा आणि नगारे वाजवत निघालं तर फ़ा-२, न वाजवता गेलं तर छिन-१, हलक्या फौजेनिशी अचानक पडलं तर शी-२.

इंग्रजी शब्दकोश या तिघांपुढे 'हल्ला' या एकाच अर्थाच्या छटा देतो आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. मराठीत मात्र हे फरक आधीच आहेत. फ़ा-२ म्हणजे उघड, डंका पिटून केलेली स्वारी. नगारा वाजवला म्हणजे आपली बाजू न्याय्य आहे असा जाहीर दावा केला. छिन-१ म्हणजे गाजावाजा न करता दुसऱ्याच्या मुलखात शिरणं. शी-२ म्हणजे छापा. शब्दकोशातल्या अर्थापेक्षा बखरीतला शब्द शोधायची सवय मला इथूनच लागली.

पुढची पायरी, कोण कोणावर. चंग-१ हा शब्द मेन्शियस स्वतः समजावून सांगतो: वरच्याने खालच्यावर केलेली शिक्षेची मोहीम. बरोबरीची राज्यं एकमेकांवर चंग करत नाहीत. म्हणून कोणी आपल्या मोहिमेला चंग-१ म्हटलं की समजावं, तो स्वतःला वरचा समजतो. थाओ-३ याच्या डाव्या अंगाला 'बोलणे' आहे. गुन्हा जाहीर करून मग शिक्षा. यासाठी 'पारिपत्य'हून चांगला शब्द मला सापडलेला नाही.

आणि मारण्याचे शब्द. षा-१ नुसतं मारणं. चू-१ म्हणजे गुन्हेगाराला दिलेला देहान्त, मारणारा बरोबर. षि-४ म्हणजे खालच्याने वरच्याला मारणं, प्रजेने राजाला, मुलाने बापाला. मारणारा चूक. छी राज्याचा राजा श्वान मेन्शियसला विचारतो की शांग घराण्याचा शेवटचा राजा जोउ याला त्याच्याच मांडलिकाने मारलं, तर प्रजेने राजाला षि-४ करणं चालतं का? मेन्शियस उत्तरतो: माणुसकी आणि नीती सोडलेला तो एक एकटा माणूस. जोउ नावाच्या एका माणसाला चू-१ केल्याचं ऐकलं आहे, राजाला षि-४ केल्याचं ऐकलेलं नाही. वाद घातलाच नाही, फक्त क्रियापद बदललं. हा उतारा मूळातून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, अवघ्या काही ओळींचा आहे.

आणखी एक सराव याच पायरीवर करा. बखरीच्या पहिल्याच वर्षात, इ.स.पू. ७२२ मध्ये, सहा चिन्हांची एक नोंद आहे: 'जंगच्या अर्लाने त्वानला येन इथे खऽ-४ केलं.' जंग हे एका राज्याचं नाव. 'अर्ल' हा इंग्रजी अनुवादाचा प्रताप, मूळ शब्द पो-२. त्वान हा त्याचा धाकटा भाऊ, आईचा लाडका. मोठ्याने त्याला मुद्दाम फुगू दिलं आणि वेळ आल्यावर चिरडलं. भाष्य एकेका शब्दाला हात घालतं. 'धाकटा भाऊ' असं लिहिलेलं नाही, कारण तो भावासारखा वागला नाही. पदवी लिहिली आहे, कारण मोठ्याने भावाला वळण लावलं नाही याबद्दल तो टोमणा आहे. आणि खऽ-४ म्हणजे पाडाव करणे वापरलं, कारण ते दोन राजे असल्यासारखे लढले. घरातलं भांडण राज्यांच्या युद्धाच्या शब्दात लिहिलं, यातच सगळं आलं.

एक इशारा: हे नियम भाष्यकारांचे आहेत. पुढच्या काळातले लेखक त्यांना बांधील नसतात. सीमा छ्येनच्या इतिहासात 'हल्ला केला' यासाठी कोंग-१ आणि ची-१ हे साधे शब्द ठायी ठायी येतात, तिथे गूढ अर्थ शोधत बसलात तर पुस्तक संपणार नाही.

पायरी ४: लढाई कोण हरलं?

वाटतं तेवढं सोपं नाही. मराठीत हरणे आणि हरवणे वेगळे आहेत. पाइ-४ मध्ये दोन्ही आहेत. पुढे कोणाचं नाव आलं तर हरवलं, काही आलं नाही तर हरला. 'छीचं सैन्य पाइ' म्हणजे छी हरले, 'पाइ छीचं सैन्य' म्हणजे छीला हरवलं. आजही चिनी बातम्यांत 'अ संघाने ब संघावर मोठा विजय मिळवला' आणि 'अ संघाने ब संघाला मोठं हरवलं' या वाक्यांत 'विजय' आणि 'हार' हे उलटे शब्द असूनही निकाल एकच असतो. यावर चिनी लोकही विनोद करतात.

यालाही त्सो-च्वानचा नियम आहे. दोन्ही सैन्यांची फळी मांडून झाली असेल तर चान-४, म्हणजे खरी लढाई. शत्रूची फळी मांडायच्या आत गाठलं तर नुसतं 'पाइ अमक्याचं सैन्य'. फौज कोसळली तर पाइ-४ ची-४, आपल्या भाषेत 'फौजेचा मोड झाला'.

शहरं आणि किल्ले घ्यायचे शब्द भराभर पाहू. वेइ-२ वेढा. पा-२ उपटणे, म्हणजे जोर लावून घेतलं. श्या-४ एरवी 'खाली', क्रियापद म्हणून आलं की ठाणं पडलं किंवा पाडलं. श्यांग-२ शरण येणे. हेच चिन्ह च्यांग-४ असं वाचलं की 'उतरणे'. थू-२ म्हणजे कत्तल, मूळ अर्थ खाटकाचं काम.

पायरी ५: आकडे

जोउ राजवटीच्या (वरच्या जोउ राजाशी नुसतं नावसाम्य) विधींच्या ग्रंथातली सैन्यरचना पाठ करा, दहा मिनिटांचं काम आहे. ५ माणसांचं वू-३, २५ चं ल्यांग-३, १०० चं चू-२, ५०० चं ल्यू-३, २,५०० चं षि-१, १२,५०० चं च्युन-१. राजाकडे सहा च्युन, मोठ्या राज्याकडे तीन. म्हणून 'तीन च्युन' म्हणजे सगळं सैन्य. कन्फ्यूशियस म्हणतो, तीन च्युनांचा सेनापती हिरावून नेता येतो, साध्या माणसाचा निश्चय हिरावता येत नाही. राज्याची ताकद चार घोड्यांच्या रथांत मोजतात, तेव्हा 'रथ' हा शब्द षंग-४ असा वाचायचा. हजार रथांचं राज्य मध्यम, दहा हजारांचं बलाढ्य.

पायरी ६: नगारा आणि घंटा

कू-३ म्हणजे नगारा, आणि नगारा वाजवून पुढे सरकणेही. चिन-१ म्हणजे धातू. लढाईत तो वाजला की माघार.

इ.स.पू. ६८४, छांगशाओ. छी राज्य लू राज्यावर चालून आलेलं. लूचा राजा नगारा वाजवायला निघाला, तर त्याच्या रथात बसलेला त्साओ क्वेई म्हणाला, अजून नाही. छीच्या बाजूने तीनदा नगारा झाला, तेव्हा म्हणाला, आता. शत्रू मोडला. राजा पाठलागाला निघाला, तर हा पुन्हा 'थांबा' म्हणाला, रथातून उतरून चाकोऱ्या पाहिल्या, परत चढून लांबवर नजर टाकली आणि मग 'चला' म्हणाला. नंतर राजाने कारण विचारलं. उत्तरातली ही दहा चिन्हं तोंडपाठ हवीत: यी-१ कू-३ चुओ-४ छी-४, चाइ-४ अर-२ ष्वाइ-१, सान-१ अर-२ च्ये-२. एका नगाऱ्याने त्वेष चढतो, दुसऱ्याने ओसरतो, तिसऱ्याने आटतो. इथे चाइ-४ ला 'पुन्हा' समजलात तर मोजणी कोलमडते. मग तो सांगतो की चाकोऱ्या एकमेकींत गुंतल्या होत्या आणि झेंडे आडवे झाले होते, म्हणजे पळ खरा होता, हूल नव्हती.

पायरी ७: वाक्प्रचार, पण सालासकट

चार चिन्हांचे वाक्प्रचार सगळेच पाठ करतात. मी त्यापुढे साल आणि माणूस लिहितो, त्याने शब्द लढाईला चिकटून राहतात. इ.स.पू. २६० छांगफिंग: कागदावर युद्ध लढणारा जाओ ख्वो. २०७: श्यांग यू या सेनापतीने भांडी फोडली, होड्या बुडवल्या, सैनिकांकडे तीन दिवसांचा शिधा. याला मराठीत 'परतीचे दोर कापले' असं बिनधास्त लिहा. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापल्याची आपली कथा त्याच जातीची आहे. २०४: हान शिनने पाठीशी नदी ठेवून लढाई दिली. २०२: त्याच श्यांग यूला वेढ्यात चहूबाजूंनी आपल्याच मुलखातली गाणी ऐकू आली.

रोजचा सराव

पानावर चार रकाने आखा: चिन्ह, तेव्हाचा अर्थ, आजचा अर्थ, मराठी बखरीतला शब्द. चौथा रकाना भरायला वेळ लागतो, लागू द्या. दिवसाला तीन शब्दांपेक्षा जास्त नको, मात्र प्रत्येकापुढे खऱ्या ग्रंथातलं एक वाक्य हवंच. 'चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट' या संकेतस्थळावर एखादं चिन्ह कोणत्या ग्रंथात कुठे आलं आहे ते शोधता येतं.

वाचनाचा क्रम माझ्या अनुभवाने असा: मेन्शियसमधला पळपुट्यांचा उतारा, मग त्साओ क्वेई, मग सुन त्झूच्या तेरा प्रकरणांपैकी तिसरं, आणि मग सीमा छ्येनने लिहिलेलं श्यांग यूचं चरित्र. सुन त्झूपासून सुरुवात करू नका. शब्द सोपे असले तरी संदर्भ जवळजवळ नाहीत, आणि भाषांतरं इतकी ऐकलेली असतात की मूळ वाचलं जात नाही. 'शत्रूला ओळखा, स्वतःला ओळखा, शंभर लढाया जिंकाल' हे सगळ्यांना माहीत असतं. मूळात शेवटचे दोन शब्द पू-२ ताइ-४, म्हणजे 'धोका नाही' एवढेच आहेत. जिंकण्याचं नाव नाही. त्याच प्रकरणात फ़ा-२ पुन्हा भेटेल: सर्वोत्तम युद्ध म्हणजे शत्रूच्या बेतांवर फ़ा, त्याखाली त्याच्या दोस्तीवर, त्याखाली त्याच्या फौजेवर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तटबंदीवर कोंग.

सुरुवातीच्या उताऱ्याचा शेवट राहिलाच. त्या पळणाऱ्यांतले काही शंभर पावलांवर थांबले, काही पन्नासवर, आणि पन्नासवाले शंभरवाल्यांना हसले. इथला 'पाऊल' हा शब्द पू-४. त्या काळी डावं आणि उजवं अशी दोन्ही पावलं टाकून झाली की एक पू-४ होत असे. एका पावलाला ख्वेइ-३ हा वेगळा शब्द होता. म्हणजे हसणारेही शंभर पावलं पळालेले होते.